शेवटचा भारा

आमच्या घरात सासू नव्हती, हे आधीच सांगून टाकते. वांगणीहून लग्न होऊन मी साखरशेताच्या बाजूच्या पाड्यावर आले तेव्हा माहेरच्या बायांना माझा हेवाच वाटला होता. ‘जनीची पाचही बोटं तुपात,’ असं त्या म्हणाल्या. तूप आमच्याकडे औषधालाही नसायचं, पण त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. सासू-सासरे मी यायच्या आधीच गेलेले होते. घरात मी, माझा नवरा आणि पुढच्या चार-पाच वर्षांत झालेली दोन पोरं. थोरली सोनी, आणि धाकटा बुधवारी झाला म्हणून बुध्या. शेजारच्या झोपडीत नवऱ्याचा चुलता बेंडू एकटा राहायचा. पोरांच्या नात्यानं मी त्याला आजा म्हणायची. पाड्यातला सगळ्यात म्हातारा तोच, त्यामुळे देवाधर्माचं, पेरणी-कापणीचं काही असलं की शब्द त्याचाच चालायचा. नवऱ्याचं नाव मी जन्मात तोंडानं घेतलं नाही. त्याला ‘सोनीचा बास’ म्हणायची, म्हणजे सोनीचा बाप. आता तो नाही आणि लिहिणं म्हणजे काही बोलणं नव्हे. त्याचं नाव लखमा. पन्नाशी उलटल्यावर नातीच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली, त्यात हे नाव मी मुद्दाम सगळ्यात शेवटी शिकले.

नवरात्र सरत आलं की आमच्या पाड्यावर खरं ऊन पडायचं. चार महिने कारवीचा कूड, म्हणजे घराची भिंत, पाणी पिऊन फुगलेला असायचा, तो आता वाळू लागायचा आणि घरभर ओल्या शेणमातीचा, धुराचा आणि कसल्यातरी गोड कुजण्याचा वास सुटायचा. कुणाला तो वास आवडणार नाही, मला फार आवडायचा. त्या वासावर मी अंगण खरवडून काढायची, नव्यानं सारवायची आणि भिंतीला लाल मातीचा हात द्यायची. सोनी तिच्या इवल्या पंजांचे ठसे खाली उमटवत माझ्या मागं मागं यायची. समोरच्या उतारावर खुरासणी फुललेली असायची, पिवळीजर्द. तिच्यावर मधमाश्यांचा असा काही आवाज चालायचा की दुपारी दारात बसलं तर डोळा लागायचा. राज्य जव्हारच्या राजाचं होतं. वर्षातून दोनदा आम्ही मीठ-मिरची आणायला जव्हारच्या बाजाराला जायचो, वाटेत शिरपामाळावर बसून भाकर खायचो आणि लांबूनच राजवाड्याच्या दिशेला बघायचो. पण आश्विनात मला कुठं जावंसंच वाटायचं नाही. पोरं, अंगण आणि भात, एवढंच पुरे असायचं.

आणि खाणं! आताची पोरं दिवाळीचं खाणं म्हणजे डब्यातले लाडू समजतात. आमच्याकडे या दिवसांत जमीनच वाढायला बसायची. खाचरातल्या पाण्यातून लखमा सकाळीच खेकडे घेऊन यायचा. ते भाताचे कोंब खाऊन असे माजलेले असायचे की पाट्यावर वाटून रस्सा केला तर भांड्यावर तांबडा तवंग यायचा. चवळीच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या, राखेत भाजलेले कंद, आणि तवसं. तवसं म्हणजे मांडीएवढी मोठी काकडी, छपरावर वेल चढायचा तिचा. ती किसून नागलीच्या पिठात कालवायची, पानांत गुंडाळायची आणि वाफवायची. नवा तांदूळ मात्र तोंडात घालायचा नाही. तो आधी देवाला, मग आपल्याला. लखमा बोलका नव्हता. दिवसातून दहा शब्द बोलला तर मी त्याची थट्टा करायची, ‘आज बाजार करून आलात का, एवढी बडबड?’ तो नुसता हसायचा. पण संध्याकाळी बुध्याला खांद्यावर घेऊन अंगणभर फिरायचा, त्याच्या पायांना गुदगुल्या करायचा, आणि सोनीला पळसाच्या पानांची टोपी करून द्यायचा. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी आता मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की तो दगड होता. तो दगड नव्हता, आणि म्हणूनच मी अजून त्या दिवसापाशी थांबून राहिले आहे.

शेवटच्या भाऱ्याची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भात कापून झालं की पेंढ्यांचे भारे बांधायचे आणि डोक्यावरून खळ्यावर आणायचे. तिथं त्यांची गोल उडवी रचायची. कणसं आतल्या बाजूला, बुडखे बाहेर. मधे खळगा राहतो, तो सुट्ट्या पेंढ्यांनी शेवटी भरायचा, म्हणजे पाऊस आला तरी दाणा भिजत नाही. झोडणी नंतर, सवडीनं. तर शेतातला सगळ्यात शेवटचा भारा जो उचलेल त्यानं तो डोक्यावर घेतल्यापासून बोलायचं नाही. कुणी हाक मारली तरी नाही, काटा मोडला तरी नाही. त्या भाऱ्यात कणसरी येते, आमची धान्याची देवी, आणि ती आवाजानं बुजते. खळ्यावर येऊन उडवीवर चढायचं, भारा माथ्यावर ठेवायचा, मग आजा खालून नागलीचं पीठ उधळून म्हणायचा, ‘निजली.’ तेव्हा तोंड उघडायचं. त्यानंतर झोडणीच्या दिवसापर्यंत उडवीला कुणी हात लावायचा नाही. लखमा आधीच अबोल, त्यामुळे दरवर्षी शेवटचा भारा त्याच्याच डोक्यावर. मी म्हणायची, ‘कणसरीनं माणूस बरोबर निवडलाय.’

त्या दिवशी आमच्या तीन घरांचं मिळून उरलंसुरलं भात येत होतं. दुपारपर्यंत ऊन होतं, मग डोंगरामागून काळं आभाळ वर आलं. परतीचा पाऊस कापलेल्या भाताचा वैरी, म्हणून सगळे पळापळ करू लागले. बुध्या दीड वर्षाचा. नुकता पावलं टाकायला लागला होता आणि पडला तरी रडायचा नाही, उठून परत चालायचा. मी त्याला खळ्याच्या कडेला घोंगडीवर निजवलं होतं, हातात तवशाची एक फोड होती ती तशीच. उडवी तेव्हा माझ्या गुडघ्याएवढी झाली होती, बाकीचे भारे भोवती टाकलेले होते. मला अंगणात वाळत घातलेले उडीद आठवले. लखमा एक भारा टाकत होता, त्याला म्हटलं, ‘बुध्याकडं बघा, मी उडीद आत टाकून येते.’ तो ‘बरां’ म्हणाला. मी सोनीला बखोटीला धरून घराकडे धावले. उडीद भरले, तोवर टपटप थेंब आले, मग सरपण आत घेतलं, मग कोंबड्या झाकल्या. आत्ता जाते, आत्ता परत जाते म्हणता म्हणता बराच वेळ गेला. पाऊस आलाच नाही, चार थेंब पडून आभाळ पुढे सरकलं. मला वाटलं, बास त्याला घेऊन येईलच.

तो आला. खांद्यावर घोंगडी होती. मी चुलीपाशी होते, मागं न बघताच विचारलं, ‘आणि बुध्या कठं?’

‘तुज्यापाशी नाय?’

मी वळून बघितलं. त्याचा चेहरा मला आजही हाताच्या रेषेसारखा दिसतो. तो म्हणाला, मी शेवटचा भारा आणायला शेतात गेलो तेव्हा पोरगं निजलेलं होतं, तू येशीलच असं वाटलं. भारा घेऊन आलो तर घोंगडी रिकामी, वाटलं तूच उचलून नेलास. आणि विचारता येईना. कारण तोंड बंद. खळ्यावर पाच माणसं होती, एक ‘पोर कठं?’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण त्याच्या डोक्यावर कणसरी होती. तो उडवीवर चढला, भारा ठेवला, आजानं पीठ उधळलं, आणि मग तो घोंगडी उचलून घरी आला. माझ्या हातातला पळा खाली पडला, रस्सा चुलीत सांडला आणि सगळ्या घरात राखेचा लोट उठला. पुढचं थोडं मला आठवतच नाही.

मग पाड्यातली सगळी माणसं ओरडत निघाली. आमच्याकडे पोर हरवलं की पहिल्यांदा ओढा, मग वाघ. कुणी विळे घेऊन रानाच्या कडेला गेलं, डबे वाजवायला लागलं. लखमा ओढ्यात उतरला. कमरेएवढ्या पाण्यात हात घालून घालून तो तळ चाचपत होता, दगड उलटत होता, मुळांमध्ये बघत होता. मी काठावरून ओरडत होते, ‘खाली बघा, तठं डोहात बघा!’ सूर्य डोंगराला टेकला. माझी चोळी पुढून भिजली होती, अंगावर पिणारं पोर, त्याची वेळ झाली होती. ती ओल लागली तशी मी परत फिरले आणि खळ्याकडे धावले. घोंगडी जिथं होती तिथून गुडघ्यांवर रांगत, जमीन बघत निघाले. उडवीपाशी आले तर जमिनीपासून गुडघाभर वर, पेंढ्यांच्या थरात तवशाची फोड दिसली. तिच्यावर चार बारीक दातांच्या खुणा होत्या. फोड अर्धी बाहेर होती आणि अर्धी पेंढीच्या खाली दाबलेली. म्हणजे आधी फोड पडली, आणि मग वर पेंढी आली.

मी पेंढ्या ओढायला लागले. दोन ओढल्या, तिसरी अडकली म्हणून पाय रोवून ओढली, आणि मागून आजा ओरडला, ‘हात नको लावू! जने, सोड, सोड ती!’ तो काठी टाकून धावत आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. मला भडका उठला. कणसरी निजलीय म्हणून हा म्हातारा माझं पोर आत कुजवणार! मी त्याच्या हाताला चावले. चांगली कडकडून चावले, रक्त आलं. शिव्या दिल्या, त्याच्या देवाला दिल्या, त्याच्या म्हातारपणाला दिल्या. त्यानं हात सोडला नाही.

‘बुडातून ओढशी त वरचा समदा पोराच्या छातीवर बसंल,’ तो म्हणाला. ‘वरून काढाया लागंल. मी रचलीय, माना ठाव हाय. तू खाली आवाज ऐकत बस.’

आणि तो चढला. ज्या माणसानं आख्खी हयात कुणाला मिटलेल्या उडवीला बोट लावू दिलं नव्हतं, तो रक्ताळलेल्या हातानं वर चढला, कणसरीचा भारा उचलला आणि सरळ खाली फेकला. मी थक्क झाले. लोक ओढ्याकडून धावत आले होते. लखमा ओलाचिंब, खळ्याच्या तोंडाशी उभा. ‘चढ की!’ आजा त्याच्यावर ओरडला, तेव्हा तो हलला. दोघांनी मधल्या खळग्यातल्या पेंढ्या एकेक करून काढल्या, रचल्या त्याच्या उलट्या क्रमानं. मी कान लावून बसले होते. काही ऐकू येत नव्हतं. माझाच श्वास मला एवढा मोठा वाटत होता की मी तोंड दाबून धरलं.

अगदी तळाशी बुध्याचा पाय दिसला. तो उडवीवरून आत घसरून मऊ कणसांवर निजला असणार, आणि माणसांनी पावसाच्या घाईत वरून पेंढ्या टाकल्या असणार. दोन पेंढ्या एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या, त्यांच्या खाली वीतभर पोकळी राहिली होती. आजानं त्याला उचललं तेव्हा मान लुळी पडली. ओठ जांभळे होते. तोंडाला, पापण्यांना, नाकपुड्यांना भाताचा कोंडा चिकटलेला. आजानं त्याला उलटं धरलं, पाठीवर थाप दिली, नाकात बोट घालून घाण काढली, परत थाप दिली. मी बघत उभी. मग बुध्या शिंकला. एकदा, दोनदा, आणि मग असा भोकांड पसरून रडला की रानाच्या कडेला गेलेल्यांनाही ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. भिंतीला मी दिलेला लाल हात उन्हात चमकत होता. बुध्याला अंगावर घेऊन मी दारात बसले होते. तो खोकायचा आणि परत प्यायचा. लखमा समोर येऊन बसला. रात्रभर तो बाहेरच होता. जमिनीकडे बघत म्हणाला, ‘मी ऐकलां होतां.’

‘काय?’

‘वर चढलो तवा. पायाखाली बारीक आवाज आला. माना वाटलां, मांजराचं पिल्लू.’

‘मग?’

‘मग नाय वाटलां तसा.’

मला वाटलं मी चुकीचं समजते आहे. मी परत विचारलं, मग काय केलंस? नवऱ्याला अरे-तुरे करण्याची ती माझी पहिली वेळ. तो म्हणाला, भारा हातात धरून थांबलो. एक शब्द तोंडातून गेला असता तर तीन घरांची वर्षाची कणसरी उठून गेली असती. आणि ते मांजरच असतं तर? मग आवाज थांबला. मग मी भारा ठेवला.

‘आणि वड्यात? वड्याच्या पाण्यात काय शोधत होतास तू?’

‘तो वड्यातच असंल असा मी मनाला सांगत होतो,’ तो म्हणाला. ‘सांगता सांगता माना खरां वाटाया लागलां.’

इतकी वर्षं झाली, पण ते ऐकताना पायाखालची जमीन सरकली ती पुन्हा जागेवर आलीच नाही. माझ्या पोरांना खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस. माझ्यावर कधी हातही न उगारलेला माणूस. कुणी मला विचारलं असतं, की तुझा नवरा पोराचा आवाज ऐकून त्यावर भारा ठेवील का, तर मी विचारणाऱ्याच्या थोबाडीत मारली असती. मी विचारलं, हे मला का सांगितलंस, नसतं सांगितलं तर मला कधी कळलंही नसतं. तो म्हणाला, नाही सांगितलं तर मी तुझ्याशी परत कसा बोलू. मी उठले, बुध्याला कडेवर आणि सोनीला हाताशी घेतलं आणि वांगणीची वाट धरली. अर्ध्या वाटेवर सोनी म्हणाली, पाय दुखतात, आणि बास उचलून घ्यायला का आला नाही? मी तिथं एका दगडावर खूप वेळ बसले, आणि परत आले. का आले ते मला सांगता येत नाही. माहेरी सांगणार काय होते?

आजानं कणसरीसाठी कोंबडं दिलं, नवी उडवी रचली. त्याच्या हातावर माझ्या दातांची खूण मरेपर्यंत राहिली. तो ती लोकांना दाखवायचा आणि म्हणायचा, ‘सुनंनं दिलेलां गोंदण.’ तांदूळ त्या वर्षी जेवढा व्हायचा तेवढाच झाला. लखमानं जे ऐकलं ते मी कुणाला सांगितलं नाही. आजालाही नाही, सोनीलाही नाही. बुध्या आता स्वतः आजोबा आहे, बापाच्या आठवणीनं अजून त्याचे डोळे भरतात. ही वही त्याच्या हाती पडेल, मी असताना किंवा नसताना. बुध्या, तुझा बाप वाईट नव्हता. पण हे झालं होतं. दोन्ही खरं आहे, आणि ते जुळवायला मला जमलं नाही, तुला जमलं तर बघ.

पुढच्या वर्षी पुन्हा तसंच ऊन पडलं, खुरासणी फुलली, कूड वाळला. घरात आम्ही हसत-बोलत होतो, खेकड्याचा रस्साही होत होता. कापणीच्या शेवटच्या दिवशी खाचरात एकच भारा उरला. सगळे पुढे गेले होते. लखमा तो उचलायला वाकला तेव्हा मी त्याच्यापाशी गेले. एकदा डोक्यावर घेतल्यावर तो बोलणार नव्हता, म्हणून आधीच विचारलं.

‘या खेपेला ऐकलंस तर बोलशील?’

खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. भाऱ्यावर हात ठेवून तो तसाच वाकलेला राहिला आणि विचार करू लागला. त्याचे ओठ हलले, परत मिटले. ‘होय’ यायचं होतं, कदाचित आलंही असतं. मी थांबले नाही. त्याला बाजूला सारलं आणि भारा माझ्या डोक्यावर घेतला. बाईनं शेवटचा भारा उचलू नये असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण कुणा बाईनं कधी उचललाही नव्हता.

खाचरापासून खळ्यापर्यंत चढण आहे. मी प्रत्येक चार पावलांवर मोठ्यानं हाक मारत गेले, ‘बुध्या! ए बुध्या!’ बांधावरच्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. खळ्यावर आजा हातात पीठ घेऊन उभा होता. आणि त्याच्या पायाशी उभं राहून माझं पोर प्रत्येक हाकेला वरून ओरडत होतं, ‘ओ! ओ! ओ!’